कसरीचा अंगरखा

अहो, खिसा चाचपताय ना, मग जरा हळू. उजेडाची मला सवय नाही. मी कसर बोलतेय. हो हो, तीच. ठेवणीतल्या शालीची चाळण करणारी, आणि तीही नेमकी खांद्यावर, चारचौघांत दिसेल अशी. माझ्या नावानं बोटं मोडून झाली असतील तर ऐका. आज मी कपाटात नाही. दुक्मला निघालेल्या बसमध्ये, एका परक्या माणसाच्या छातीवरच्या खिशात बसलेय. तो माणूस गाणं गुणगुणतोय. आपण अंगावर काय चढवलंय हे त्याला ठाऊक नाही. मला आहे. म्हणून बोलावं लागतंय. एरवी आमची जात तोंड उघडते ती फक्त खायला.

माझा जन्म घोंगडीतला. जनार्दनच्या वडिलांची घोंगडी, काळ्या मेंढीच्या लोकरीची, जाडजूड, अंगाला टोचणारी. म्हातारा गेल्यावर जनार्दननं ती कोकमं आणि कुळथाच्या पिशव्यांबरोबर बॅगेत कोंबली आणि गुहागरहून मस्कतला आणली. तिथल्या माबेला वस्तीतल्या भाड्याच्या घरात, कपाटाच्या खालच्या खणात तिची स्थापना झाली. तिच्याच घडीत माझ्या आईनं अंडी घातली आणि कोपऱ्यात पाय वर करून आडवी झाली. आमच्यात बाळंतपण असंच. ना डिंकाचे लाडू, ना शेकशेगडी.

जन्मल्याबरोबर मी शिवणकामाला बसले. खाताना थोडा धागा बाजूला काढायचा, लाळेनं चिकटवायचा आणि तांदळाच्या दाण्याएवढा अंगरखा विणायचा. जे खाईन तेच अंगावर. मी वाढले की तोही वाढवायचा. त्यामुळे माझा अंगरखा वाचता येणाऱ्याला माझं सगळं चरित्र त्यात सापडेल. पण वाचतो कोण? मी भिंतीवरून चालले की माणसं म्हणतात, "शी, कचरा चालतोय!"

माणसांची मला भारी गंमत वाटते. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर फोड यावा. आणि ही मंडळी आत एसी इतका गार करतात की रात्री दातावर दात आपटतात. मग खणातून घोंगडी बाहेर. आधी थंडी विकत आणायची आणि मग ती बोचते म्हणून मेंढीची लोकर पांघरायची! मेंढीला कळलं तर ती हसून हसून मरेल.

घरात माणसं तीन. जनार्दन दुक्मला वेल्डिंगचा फोरमन. दुक्म म्हणजे माबेल्यापासून बसनं दिवस मोडणारी जागा, समुद्राकाठचं वाळवंट, तिथं तेलशुद्धीचा कारखाना आणि बंदर. काही आठवडे तो तिकडे, मग थोडे दिवस घरी. बायको जयवंती, घरातला शेवटचा शब्द तिचा. आणि सातवीतली मुलगी अस्मिता. शाळेत सगळं इंग्रजीतून, त्यामुळे मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला ती थांबते, वाटेत चप्पल तुटल्यासारखी.

खालच्या मजल्यावर घरमालक महमूद. ओमानी माणूस, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. एका ईदला त्यानं जनार्दनला मसर दिली. मसर म्हणजे इकडचे पुरुष डोक्याला गुंडाळतात ते भरतकामाचं वस्त्र. जनार्दननं ती कौतुकानं बांधून आरशात बघितलं.

"अहो, लग्नातले आचारी दिसताय," जयवंती म्हणाली. "पानं मांडू का?"

मसर कायमची कपाटात गेली. मला काय, ताट वाढून आलं. जांभळ्या काठाची, लोण्यासारखी मऊ. बर्फाळ मुलखातल्या शेळीच्या पोटाखालचे केस विंचरून काढतात, त्यांचं ते सूत. आता बघा, शेळी बर्फातली, तिचे केस वाळवंटातल्या माणसाच्या डोक्यासाठी, आणि ते खातेय कोकणातून आलेली मी. धाग्यांइतकं विमानातलं माणूसही फिरत नाही.

मग जयवंतीचा लग्नातला हिरवा शालू. रेशीम म्हणजे आमच्या भावकीतलं. रेशमाची अळी माझ्यासारखीच आपलं घर आपण विणते. फरक एवढाच की तिचं घर माणसांना आवडलं. आवडलं म्हणून तिला घरासकट उकळत्या पाण्यात टाकतात. धागा अखंड निघाला की वा वा करतात. माझं घर कोणालाच आवडत नाही, म्हणून मी जिवंत आहे. शालू खाताना दर घासाला मी त्या बिचारीसाठी हळहळते, आणि पुढचा घास घेते.

तुम्ही विचाराल, एवढी माहिती हिला कुठून? शिकलेय हो, पण अर्धीच. अस्मिताला विज्ञानाच्या बाईंनी धाग्यांचा तक्ता करायला सांगितला होता. प्रत्येक चौकोनात एकेक नमुना चिकटवायचा आणि तो कुठून येतो ते लिहायचं. जयवंतीनं अट घातली. तक्ता कर इंग्रजीत, पण मला मराठीत समजावून सांग.

"आई, कॉटन म्हणजे कापूस. तो... सीडच्या अराउंड येतो."

"बोंड म्हण. बोंड फुटलं की सरकीभोवती कापूस दिसतो."

"ओके, बोंड. मग लिनन. फ्रॉम फ्लॅक्स."

"म्हणजे जवस. आजी चटणी करते ना, त्याच जवसाच्या खोडातला धागा."

"वी ईट शर्ट्स?"

"बी खायचं, खोड नेसायचं. पुढं वाच."

मग तागाचं पोतं झालं, नारळाच्या सोडणातला काथ्या झाला, मेंढी झाली, रेशमाची अळी झाली. शेवटच्या चौकोनाशी अस्मिता थांबली.

"पॉलिएस्टर. हे प्लांट नाही, ॲनिमल पण नाही. बाबाच्या तिकडे ऑइल येतं ना, तसल्या ऑइलपासून केमिकल करतात. मग ते मेल्ट करून बारीक होल्समधून... ते तू दिवाळीला काय काढतेस सोऱ्यातून?"

"शेव."

"तशी शेव. पण थ्रेडची. नायलॉन पण त्याच्या फॅमिलीतला."

"म्हणजे जमिनीखालच्या तेलाची शेव," जयवंती म्हणाली. "आणि आम्ही ती नेसून हळदीकुंकवाला जायचं!"

तक्ता कपाटात माझ्या डोक्यावरच ठेवला गेला. मी विद्येला तोंड लावलं. लोकरीचा धडा संपवला, रेशमाचा संपवला. कापूस, ताग, काथ्या मला पचत नाहीत, ते धडे राहिले. पॉलिएस्टरवरून दात सरकले, तोही राहिला. म्हणून म्हणते, शिक्षण अर्धं. पण एक सांगते, तुमच्यातले पुष्कळ जण पुरं शिकूनही आपण अंगात काय घातलंय ते सांगू शकत नाहीत. गळ्याशी शिवलेली चिठ्ठी वाचतात आणि समाधान मानतात.

आमच्यात पंख फुटले की तोंड मिटतं. पाखरू झालं की खाणं बंद, चार दिवस उडायचं आणि मरायचं. मी आळशी, पंख लांबणीवर टाकत राहिले. दोन उन्हाळे असे काढले. कपाटातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात खट्याळ मीच. मज्जा होती. ती मज्जा एका संध्याकाळी संपली.

जनार्दन दुक्महून आला होता. एरवी आला की दारातूनच "जया, चहा टाक गो," अशी हाळी देतो. त्या दिवशी बोलला नाही. कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसला. जयवंतीनं दोनदा विचारलं तेव्हा तोंड उघडलं.

"गुरुदत्त आठवतो तुला? वेंगुर्ल्याचा. भजनात मृदंग वाजवायचा."

"त्याचं काय?"

"त्याचा कव्हरऑल धुवायला होता. म्हणून बाहेरून घेतलेला घातला, एका दिवसापुरता. ठिणगी पडली गो, एवढीशी. कपडा पेटला असता तर झटकला असता, विझवला असता. तो वितळला. मधासारखा. आम्ही चौघं ओढतोय, निघतच नाही. दवाखान्यात काढला तेव्हा..."

दारात अस्मिता उभी होती.

"आहे ना पण?" जयवंतीनं हळूच विचारलं.

"आहे. मृदंग नाही वाजवायचा आता."

एसीचं पाणी बाहेर टपटपत होतं. कपाटात मी घास तोंडात धरून बसले होते. शेवटच्या चौकोनातल्या त्या चकचकीत धाग्याकडे पाहिलं. दात सरकले होते ते याच्यावरून. चव आठवली, तेलाची. जमिनीखाली आग वाट बघत असते, तिला आपलं माणूस बरोबर ओळखता येतं.

आता कव्हरऑल म्हणजे काय ते सांगते. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध निळा पोशाख, छातीला खिसा, हातापायांना चमकते पट्टे. जनार्दनला कामावरून दोन मिळालेले, जाड आणि सुती. जयवंतीनं मनाशी ठरवलं, जनार्दनवर कधी बाहेरचा घालायची पाळी येऊ द्यायची नाही. तिसरा आपणच शिवून घ्यायचा, अगदी शुद्ध सुती. जुना नमुना पिशवीत घालून ती सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मुजम्मिल शिंप्याकडे गेली. तिथं काय झालं ते तिनंच रात्री फोनवर जनार्दनला सांगितलं, मुजम्मिलचा आवाज काढून: "भाभीजी, एकदम प्युअर कॉटन. थान पे लिखा है, पढ़ लीजिए!" तिनं ताग्यावरचं वाचलं होतं. हात फिरवून बघितलं होतं. मऊ लागलं होतं. माणसाची जात, हातानं चव बघायला जाते.

कव्हरऑल शिवून आला आणि दसऱ्याची वाट बघत माझ्या खणात बसला. नवं कापड म्हणून मी चाखलं. वरवर सुताची लव होती, कोरड्या पोळीसारखी. तिच्याखाली दात सरकले.

मी पुन्हा चाखलं. बाहीशी, गळ्याशी, खिशाशी. सगळीकडे तेच.

माझ्यात माया वगैरे काही नाही हां, गैरसमज नको. पण विचार करा. हा माणूस जळला तर जयवंती आणि अस्मिता सामान बांधून गावी जाणार. घोंगडी कोण नेतंय? रस्त्यावर टाकतील. माझं काय होणार? तेव्हा स्वार्थासाठी म्हणा, मी ठरवलं की ह्या कपड्याला भोक पाडायचं. घडी मोडण्याआधी, म्हणजे पहिल्यांदा अंगावर चढण्याआधी, नव्या कपड्याला भोक दिसलं की जयवंतीसारख्या बाईच्या काळजात धस्स होतं. ती तो घालू देणार नाही. आयुष्यभर चेष्टा म्हणून भोकं पाडली, आता एक कामाचं पाडायचं.

पाडणार कसं? दात लागेना. तेलाची शेव ती, सुळकन निसटायची. दिवसेंदिवस मी नुसती घासत राहिले.

दसऱ्याला जनार्दन घरी आला. येताना वेल्डिंगचं शील्ड, म्हणजे तोंड झाकणारं हेल्मेट, आणि हातमोजे आणले होते, दरवर्षी आणतो. पाटावर शील्ड, हातमोजे, हातोडी, आणि मधोमध घडी घातलेला नवा कव्हरऑल. गळ्याशी हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल.

"बाबा, तुझं हेल्मेट गॉडसारखं दिसतंय," अस्मिता म्हणाली.

"तोच देव आहे माझा. डोळे राखतो."

जयवंतीनं निरांजन ओवाळलं आणि ताम्हन कललं. तूप सांडलं, थेट खिशावर.

"अगं बाई! नव्या कपड्यावर!"

"असू दे गो. तिकडे गेल्यावर डागच डाग पडायचेत. घालू का आता?"

"आता नको. घडी तिकडेच मोडा, पहिल्या दिवशी कामावर."

हसताय कशाला? मी पण घडीत बसून हसले. देवाच्या निमित्तानं माझ्या ताटात तूप वाढलं गेलं होतं! तूप मुरलेला धागा दाताला लागतो. श्रीखंड-पुरी खाऊन तिघं दुपारचे आडवे झाले आणि मी कामाला लागले. तूप चाटायचं, धागा ओढायचा, तोडायचा. तोडलेला गिळावा लागे, तो पोटात तसाच राही. पोट जड होत गेलं. दाताची धार गेली. जनार्दनची सुट्टी संपेपर्यंत खिशाखाली, बरोबर काळजावर, मसुराएवढं भोक पडलं. इतकं सुबक भोक मी आयुष्यात पाडलं नव्हतं.

बॅग भरताना जयवंतीनं कव्हरऑल उचलला आणि ओरडली, "कसर!"

"कुठं?"

"हे बघा. घडी मोडायच्या आधीच भोक, आणि तेही छातीवर. मला नाही आवडलं हे. तुम्ही हा नेऊ नका."

जनार्दन हसला. "जया, पहिल्याच दिवशी ठिणग्यांनी दहा भोकं पडतील. त्यांच्यात ही एक. टाक बॅगेत."

झालं! माझी सगळी मेहनत ह्या कोकण्यानं एका वाक्यात उडवली. कव्हरऑल बॅगेत गेला. चेन निम्मी ओढली गेली. मी खिशात, अंगरख्यात डोकं घालून.

आणि तेव्हा अस्मिता तक्ता घेऊन आली, रडवेली.

"आई, मॅमनी रिटर्न केला. वूल अँड सिल्क मिसिंग. कोणीतरी खाल्लं! आता सॅम्पल्स परत लावायचे आणि ते बर्न करून पण बघायचं. मोठ्यांच्या समोर. प्रत्येकाचा स्मेल, प्रत्येकाची राख."

"मग आत्ताच कर, बाबा आहेत तोवर," जयवंती म्हणाली.

गॅस पेटला. चिमटा आला, स्टीलची ताटली आली. मी बॅगेच्या फटीतून नाक बाहेर काढलं. घोंगडीचा धागा जळला, केस करपल्याचा वास आला. शालूचा जळला, तसाच वास, पण मंद. तागाचा जळला, कागदासारखा.

"आता कॉटन. प्युअर पाहिजे, मिक्स नको."

"बाबांच्या कव्हरऑलचा घे," जयवंती म्हणाली. "भोकापाशी धागे सुटलेच आहेत. माझ्या डोळ्यांनी ताग्यावर वाचलंय, शुद्ध सुती."

अस्मितानं माझ्या भोकातून धागा ओढला. माझ्या मिशांवरून गेला तो. तिनं तो चिमट्यात धरून ज्योतीला लावला.

धागा ज्योतीपासून मागे सरला, आक्रसला. काळा धूर निघाला. टोकाला एक थेंब धरला आणि ताटलीवर पडला.

"आई, इट्स मेल्टिंग," अस्मिता म्हणाली. "कॉटन मेल्ट होत नाही. हे कॉटन नाहीये."

जनार्दन पुढं आला. ताटलीवरचा काळा मणी त्यानं नखानं काढायचा प्रयत्न केला. निघेना. पुन्हा खरवडला. निघेना.

"गुरुदत्त," तो एवढंच म्हणाला आणि गॅस बंद केला.

जयवंतीचा हात तोंडावर गेला. मग तिनं फोन उचलला आणि मुजम्मिलला असं काही सुनावलं की मला नवे शब्द शिकायला मिळाले. पलीकडून त्याचा आवाज पार उतरलेला: "भाभी, कसम से, थान पे लिखा था. मैं तो लिखा हुआ देखके लिया. या अल्लाह, उसी थान से तो और भी सिले हैं."

"किसके?"

"दुकान पे आते हैं, ले जाते हैं. किस-किसका नाम याद रखूँ?"

जनार्दननं जुना सुती कव्हरऑल बॅगेत टाकला. "मी तिथं सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला. "एकेकाचा धागा ओढून बघतो. जया, हा फाडून टाक. चिंध्या कर. विसरू नको हां."

तो गेला. घर वाचलं. माझी घोंगडी वाचली. इथंच गोष्ट संपली असती तर मी आता पंख फोडून मजेत मेले असते.

दुसऱ्या दिवशी जयवंती कात्री घेऊन बसली. कव्हरऑल मांडीवर. गळ्याशी हळदीकुंकवाचं बोट तसंच होतं.

"आई, कट इट ना. बाबानं सांगितलंय."

"अगं, पूजेला ठेवलेलं कापड. हळदीकुंकू लागलेलं. त्याला कात्री कशी लावू?"

"मग?"

"बाहेर ठेवते. नेईल कोणीतरी लादी पुसायला."

बघा माणसं! भीती कळते, आगही कळते, पण हात अडतो तो कुंकवाच्या ठिपक्यापाशी. तिनं कव्हरऑलची छान चौकोनी घडी घातली. इतकी छान की लादी पुसणाऱ्याचीही छाती होऊ नये. कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारच्या कट्ट्यावर ठेवला, त्याला नमस्कार केला आणि मागे न बघता घरी गेली. मी खिशात होते. ओरडले. माझा आवाज तो काय.

ऊन कलायच्या आत एक हात आला.

"अरे मुस्तफा, क्या मिला?"

"कव्हरऑल, यार! बिल्कुल नया. बस यहाँ छोटा-सा छेद है. और सूँघ, घी की खुशबू!"

"घी वाला कव्हरऑल! किस्मत है तेरी. दुक्म में दूल्हा बनके जा."

मुस्तफा तिशीचा माणूस. त्याला दुक्मला नवं काम लागलं होतं, लोखंड कापणाऱ्यांच्या हाताखाली. माबेल्यातल्या एका खोलीत सहाजण राहतात, त्यांतल्या प्रत्येकानं कव्हरऑल अंगाला लावून बघितला. मुस्तफालाच तो बेताचा बसला. त्याची बाही ओढून मित्र म्हणाले, "तेरे ही नाप का सिला है." आणि आज पहाटे घडी मोडली. गळ्याशी लागलेलं हळदीकुंकू एव्हाना सहाजणांच्या हाताळण्यात पुसलं गेलं होतं. खिशाखालचं भोक दिसू नये म्हणून त्यानं त्याच्यावर ओळखपत्र अडकवलं.

तर अशी मी इथं. बसच्या खिडकीतून काही दिसत नाही, नुसती वाळू, आणि मधूनच रस्ता ओलांडणारा उंट. मुस्तफाचं गाणं संपलंय, तो डुलक्या घेतोय. त्याच्या काळजाचे ठोके मला ऐकू येतात. पोटातले धागे जड झालेत. दात झिजलेत, नवं भोक आता होणार नाही.

तुम्हाला एक मागणं आहे. माझ्यासाठी नको, मला डांबरगोळ्याच मिळायच्या. पण अंगावर चढवण्याआधी, विशेषतः आगीजवळ जाणाऱ्या माणसाच्या अंगावर, आतल्या शिवणीतला एक धागा ओढा आणि चिमट्यात धरून जाळून बघा. कापूस असेल तर कागदाचा वास येईल. लोकर-रेशीम असेल तर केसांचा. आणि थेंब पडला तर कात्री घ्या. हळद असो, कुंकू असो, कात्री घ्या. थेंब पडला म्हणजे तो धागा जमिनीखालून आलाय, आणि त्याला परत आगीकडे जायचंय.

थांबा. बस थांबली. दुक्म आलं वाटतं.

वारा केवढा आहे इथं! वाळू कपड्यावर टकटक आपटतेय. फाटकाशी रांग. एक माणूस प्रत्येकाचा रंग बघतो, पट्टे बघतो आणि पुढं ढकलतो. मुस्तफाचाही रंग बघितला, पट्टे बघितले.

"ओके. यल्ला, चलो!"

पुढं कुठंतरी लोखंड कापल्याचा सूर लागलाय. किर्र, किर्र. ठिणग्यांचा वास माझ्यापर्यंत आला. मुस्तफा त्या बाजूला चाललाय, हसतखेळत.

आणि हा आवाज? ओळखीचा आहे.

"ए भाई, रुक. कव्हरऑल कहाँ से लिया? एक धागा देखना है." जनार्दन! रांगेच्या त्या टोकाला एकेकाला थांबवतोय. वेडा, खरंच एकेकाचा धागा ओढतोय. काही जण हसतायत, एकजण म्हणतोय, "फोरमन साब दर्जी बन गए!"

आला. मुस्तफासमोर आला.

"मेरा तो घर का है, साब. नया है," मुस्तफा म्हणतो. खोटं, पण लाजेचं. डब्याशेजारून उचलला हे कोण सांगेल?

जनार्दननं शिवण बघितली, पट्टे बघितले. भोक ओळखपत्राखाली झाकलंय. मागून हाका येतायत, आणि घरचा म्हटल्यावर धागा ओढायचा राहिला. त्यानं मान हलवली. निघाला.

मी अख्खं आयुष्य उजेडाला घाबरले. दोन उन्हाळे घडीत काढले. आता बाहेर निघालेय. खिशाच्या काठावरून, अंगरखा फरफटत, ओळखपत्राच्या चकचकीत प्लास्टिकवर. ऊन लागतंय, भाजतंय. जरा इकडं बघ रे, गुहागरकरा! काळी लोकर तुझ्या बापाच्या घोंगडीची. जांभळी महमूदच्या मसरीची. हिरवं रेशीम तुझ्या लग्नातल्या शालूचं. असा अंगरखा ह्या अख्ख्या वाळवंटात दुसऱ्या कोणाच्या अंगावर असेल का?

"साब, कीडा है," मुस्तफा म्हणाला आणि झटकायला हात उचलला.

"थांब!"

मराठीत ओरडला तो. मुस्तफाला शब्द कळला नसेल, पण हात जागीच राहिला. जनार्दन वाकलाय. त्याचा श्वास माझ्या अंगरख्यावर येतोय. तो काळा रंग बघतोय, जांभळा बघतोय, हिरव्यापाशी त्याची नजर अडकलीय. मागं किर्र आवाज चालूच आहे, ठिणग्या वाऱ्यावर सुटल्यात. त्यानं एक बोट पुढं केलंय, सावकाश, आणि ओळखपत्राची कड धरलीय.

उचल ना रे. उचल.